मालू, पंपवाली अजून उभी आहे

मालू,

तुझा कॉम्प्युटर मी तेरावं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी धुळ्याला आणला. एस.टी.त स्क्रीन खिडकीशी उभा केला आणि खालचा डबा मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ते डिकीत टाका ना." मी म्हटलं, "तुझं डोकं टाक डिकीत." पारोळ्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. भीती वाटली की मी भांडते, हे तुला माहीत होतं. त्याला कुठून माहीत असणार.

आता तो दुकानाच्या मागच्या खोलीत कुकरच्या खोक्यांवर मांडला आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी चालू करते. राखेच्या रंगाचा तो मुलूख येतो, वारा वाजायला लागतो, आणि समोर ती पंपवाली बाई उभी असते, हातात पाना घेऊन. मी बटण दाबलं की ती बोलेल, खाली चार उत्तरं येतील आणि मला त्यातलं एक निवडावं लागेल. मी बटण दाबत नाही. बंद करते आणि पुढे येऊन डबे पुसत बसते. अशा तीन दुपारी झाल्या.

आज रविवार, आपला वार, म्हणून लिहायला बसले. गल्ल्यात माझा रिपोर्ट पडला आहे. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे सख्ख्या भावंडांत सापडतं, तुम्हीही तपासून घ्या. परवा घेतलं. तीच हृदयाची झडप, तीनाऐवजी दोन पाकळ्यांची. तीच वरची मोठी नळी, फुगत चाललेली. तुझ्याएवढी नाही, पण फुगलेली. ऑपरेशन करायचं की लक्ष ठेवून थांबायचं, हे मला उद्या सांगायचं आहे. दोन्हीत धोका आहे असं डॉक्टर म्हणतात. तुला म्हणाले होते तेच शब्द, तोच आवाज. जणू सगळ्या डॉक्टरांना एकच वाक्य पाठ करायला देतात.

तुझ्या फोटोखाली काय छापायचं यावर भाऊबंदांनी घोळ घातला. शेवटी 'मनमिळाऊ' छापलं. तू मनमिळाऊ कधी नव्हतीस. तू हट्टी होतीस, आणि तेही आवाज न करता. आरडाओरडा करणाऱ्या हट्टी माणसाला मी अर्ध्या तासात गुंडाळते. न बोलणाऱ्याचं काय करायचं, ते मला या धंद्याने शिकवलं नाही.

धंद्याचं तुला सांगायला नको. सुट्टी असली की तू माझ्या मागे मागे देवपूरच्या गल्ल्या तुडवायचीस. पण मला पुन्हा सांगू दे, कारण सगळं तिथेच अडलं आहे. आपल्या सोनगीरहून भांडी आणायची, पाटीत रचायची, पाटी डोक्यावर घ्यायची, दारोदार जुने कपडे घ्यायचे आणि त्यांवर भांडं द्यायचं. बाई दोन साड्या आणि एक पँट आणून टाकते आणि पातेलं मागते. मी म्हणते, काठ फाटलाय, यावर फार तर वाटी येईल. ती म्हणते, मागच्या वेळी दुसरीने दिलं होतं. मी म्हणते, मग तिच्याकडून घ्या. आणि पाटी उचलते. खरं हत्यार तेवढंच. पाटी डोक्यावर घ्यायची आणि चालायला लागायचं. सावकाश. फाटकापाशी चपलेत काही अडकल्यासारखं थांबायचं, पण मागे वळून बघायचं नाही. वळलं की भाव पडला. दहांतल्या नऊ बाया मागून हाक मारतात, "अय बाई, ये वं." त्या हाकेवर मी हे दुकान उभं केलं. त्या हाकेवर तुझी कॉलेजची वर्षं झाली.

दहावी बाई हाक मारत नाही. तिचा विचार मी कधी केला नाही. पुढची गल्ली असायची.

तुझा तो खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसले होते, आठवतं? तू जळगावच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत नोकरीला, चाळिशी उलटलेली, आणि रविवारी भरीत-भाकरी खाऊन झाल्यावर दार लावून बसलीस ती थेट पोरांसारखी. स्क्रीनवर सगळं जळालेलं. मोडक्या इमारती, गंजलेल्या मोटारी, धुरकट आभाळ. मी म्हटलं, "हे बघायला वीज जाळतेस? मे महिन्यात आग्रा रोडवर उभी राहा, फुकट दिसेल."

तू म्हणालीस, "अक्का, मोठी लढाई होऊन गेलीय. जग संपलंय. थोडी माणसं राहिलीत."

"मग ती काय करतात?"

"आपण ठरवायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाला पाणी द्यायचं, कोणाला नाही. खरं बोलायचं की खोटं. ही चार उत्तरं दिसतात ना, त्यातलं कुठलं घ्यायचं ते मी ठरवायचं. तसं पुढे घडतं."

मला त्यात राम वाटला नाही. मग एक म्हातारा व्यापारी आला आणि तू त्याला दोन रिकामी डबडी देऊन एक जुना कोट घेतलास. मी खुर्चीतून उठलेच. त्या जगात नोटा चालत नव्हत्या. वस्तूला वस्तू. जुनं द्यायचं, कामाचं घ्यायचं. मालू, जग बुडाल्यावर जो धंदा उरतो तो माझाच होता, आणि तू तो इतका वाईट करत होतीस की मला बघवेना. "दोन डबडी कशाला दिलीस? एक दाखव, दुसरं पिशवीत ठेव. आणि त्याच्याकडे बघ, त्याला घाई आहे." तू म्हणालीस, त्याला घाई नाही, तो चित्र आहे. मी म्हटलं, चित्राला पण घाई असते.

तेव्हापासून दर रविवारी मी सकाळची गाडी धरायची. यंत्राला मी हात लावायची नाही, ते तुझ्याकडे. उत्तरं इंग्रजीत यायची, तू ती मला वाचून दाखवायचीस, आणि सरळ आपल्या बोलीत. त्या राखेतले गोरे, दाढीवाले लुटारू तुझ्या तोंडून सोनगीरच्या बाजारातल्यासारखे बोलायचे. "पाणी माले दे, मंग बोलसू." आपण हसून हसून बेजार व्हायचो. नलूताई, तुझी शेजारीण, भिंत वाजवायची.

पण मला त्या खेळाची भीतीही वाटायची. तुला कधी सांगितलं नाही. तो वारा. एखाद्या घरात शिरावं तर टेबलावर ताटं मांडलेली आणि खुर्च्या रिकाम्या. पुढच्या दाराआड काय आहे ते माहीत नसायचं, आणि तू दार उघडण्याआधी एक क्षण थांबायचीस. तुझा श्वास मला ऐकू यायचा. त्या थांबण्यातच तुझी मजा होती, हे मला फार उशिरा कळलं. मी थांबायचं टाळायची. मी म्हणायची, "उघड गं, नाहीतर चल मागे." मला दोन्ही चालायचं. उभं राहणं चालायचं नाही.

मग ती पंपवाली आली.

उजाड वस्तीत एकच हापसा होता आणि तो दुरुस्त करता येणारी एकच बाई. तिच्याकडे पाणी होतं, आपल्याकडे औषध. ती सगळं औषध मागत होती, सगळं. तू चार उत्तरं वाचलीस. पहिलं, सगळं दे. दुसरं, अर्धं देते म्हण. तिसरं, "मी चालनी." चौथं, "तुले काय जोयजे?" म्हणजे, खरं तुला हवंय तरी काय.

मी म्हटलं, "तिसरं घे."

"अक्का, तिची पोरगी आजारी दिसतेय मागे."

"तेच तर. गरज तिला आहे. तिसरं घे आणि चाल. फाटकापाशी पोचायच्या आत हाक मारेल. माझं ऐक."

तू तिसरं घेतलंस. आपण चाललो. फाटक आलं. मी म्हटलं, जरा थांब. थांबलो. वारा वाजत राहिला. मी म्हटलं, अजून थोडं पुढे. आपण टेकडी ओलांडली. तिने हाक मारली नाही.

पुढच्या रविवारी तिथे परत गेलो तर वस्ती रिकामी होती. हापशाखाली बादली आडवी पडलेली. पाना जमिनीवर. आणि त्या पोरीची एक चप्पल.

मी स्क्रीनच्या जवळ सरकले. मी म्हटलं, "मागचं उघड. तू जपून ठेवतेस ना सगळं, त्या दिवसाचं उघड. आपण दुसरं उत्तर घेऊ."

"नाही."

"का नाही? सोय आहे ना?"

"सोय आहे. मी वापरत नाही."

"येडी आहेस का? चूक दुरुस्त होतेय फुकटात आणि तू नाही म्हणतेस?"

तेव्हा तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस. एवढं लांब तू क्वचित बोलायचीस, म्हणून शब्द न् शब्द लक्षात आहे. तू म्हणालीस, "अक्का, मागे जाऊन बदलता आलं तर मग मी निवडलं काय? इथे मी वाईट वागले तर ते माझं असतं. चांगली वागले तर तेही माझं. कोणी येऊन म्हणत नाही, मालू, तुझ्या भल्यासाठीच केलं. हे जग जळालंय ना, म्हणून इथे सांगणारं कोणी उरलेलं नाही. मला तेवढ्यासाठी आवडतं."

मी म्हटलं, "म्हणजे सांगणारी मी."

तू म्हणालीस, "चहा टाकू?"

तेव्हा मी तुझ्यावर रागावले, आणि तो राग अजून उतरला नाही. माझ्या डोक्याला पाटीचा घट्टा पडला आहे मालू, केस येत नाहीत तिथे. तू सायन्सला जावंस हे मी ठरवलं, खरं आहे. नोकरी जळगावला घ्यावीस हे मी ठरवलं. चाळीसगावचं ते स्थळ मी परत पाठवलं. तो माणूस मला पसंत नव्हता. लोणी लावल्यासारखा बोलायचा, आणि असं बोलणाऱ्यांची सोंगं मी रोज बघत होते. तुला विचारलं नाही. तू त्याला दोनदा भेटली होतीस हे मला नंतर कळलं. तू काही बोलली नाहीस. ना तेव्हा, ना नंतर. पाच-दहा वर्षं गेली आणि मी समजले की विषय मिटला. धंद्यात तसंच असतं. समोरचा गप्प बसला की सौदा झाला.

सौदा झाला नव्हता.

तुझ्या छातीचं निघालं तेव्हा मी दोन दिवसांत नाशिकचा दवाखाना ठरवला, तारीख घेतली, गाडी सांगितली आणि रविवारी तुझ्याकडे आले. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, बुधवारी निघायचं.

"कुठे?"

"नाशिक. तारीख घेतलीय."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? मी."

तू हात धुतलेस. पुसलेस. मग म्हणालीस, "डॉक्टरांनी मला विचारलंय, अक्का. करायचं की थांबायचं ते. मला दोन महिने हवेत."

"दोन महिन्यांत काय उजेड पडणार आहे?"

"मला भीती वाटते. भीती जाईपर्यंत नाही म्हणत. पण तिच्याकडे नीट बघून तरी ठरवू दे."

"भीतीकडे काय बघायचंय? तिचं ऐकायचंच नसतं. मी ऐकलं असतं तर आज सोनगीरला बसले असते."

"तू तू आहेस."

"आणि तू कोण? तुझं सगळं कोणी केलं?"

तू म्हणालीस, "तूच. चाळीसगाव पण."

एवढंच. ओरडली नाहीस, रडली नाहीस. तव्यावर भाकरी करपत होती, ती तू उलटलीस. आणि मला उत्तर सुचलं नाही की मी काय करते ते सगळ्या धुळ्याला माहीत आहे. मी पिशवी उचलली. म्हटलं, "बरं, मग बस तुझ्या भीतीकडे बघत. मी चालले."

मी सावकाश जिना उतरले. फाटकापाशी चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त केलं. वळले नाही. बसस्टँडवर पहिली गाडी सोडली. म्हटलं, तू रिक्षा करून येशील. दुसरीत बसले. एरंडोलला फोन बघितला. पारोळ्याला बघितला. घरी आल्यावर काउंटरवर उताणा ठेवला, वाजला तर दिसावा म्हणून.

बारा दिवस मी फोन केला नाही. मधल्या रविवारी मुद्दाम दुकान उघडलं, नसलेलं गिऱ्हाईक बघत बसले. पाटी उचलल्यावर वळायचं नसतं, हे मी तुला शिकवलं होतं, आणि शिकवलेलं मोडायचं कसं ते मला येत नव्हतं. शुक्रवारी दुपारी फोन वाजला. नलूताईचा होता.

माझी तक्रार आहे, मालू. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, म्हणोत. तू मला हाक मारायला हवी होतीस. एक शब्द पुरला असता. 'ये' एवढाच. आणि ऑपरेशनच्या बाबतीत मी बरोबर होते, हे मी आजही म्हणते. बुधवारी निघालो असतो तर तू आज इथे बसून मला शिव्या घातल्या असत्यास, आणि मी त्या ऐकल्या असत्या. निवडायचा हक्क, हक्क. घे तुझा हक्क. तो आता माझ्या गळ्यात टाकून गेलीस.

मी पोचले तेव्हा तुझ्या खोलीत नलूताई म्हणाली, "खुर्चीतच होत्या. आठ-दहा दिवस नुसत्या त्या खेळासमोर. मी म्हटलं, जरा पडा. तर म्हणाल्या, अक्का रविवारी येणार, तोवर तिथपर्यंत पोचायचंय. गेल्या रविवारी दार उघडं टाकून बसल्या होत्या. तुम्ही आला नाहीत तर म्हणाल्या, या रविवारी नक्की येईल."

तिथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, ते मला तेव्हा कळलं नाही. मी तेव्हा तुझ्या पायांकडे बघत होते. गुरुवारी इथे पहिल्यांदा कॉम्प्युटर चालू केला तेव्हा कळलं. तू मागचं उघडलं नव्हतंस. तुझा नियम तू मोडला नाहीस. तू सगळा खेळ पहिल्यापासून नव्याने सुरू केला होतास. जग पुन्हा जळालं, तू पुन्हा रिकाम्या हातांनी बाहेर पडलीस, तो म्हातारा व्यापारी, ते लुटारू, आठ महिन्यांचे आपले रविवार तू एकटीने बारा दिवसांत चाललीस आणि त्या हापशापर्यंत आलीस. पंपवाली जिवंत आहे. मागे तिची पोरगी बसली आहे. तिच्याशी बोलायच्या एक पाऊल आधी तू थांबलीस.

मी डॉक्टरांना विचारलं, इतकं बसून राहिल्याने झालं का? ते म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. दुकानात माणसं असली की ठेवते. दुपारी एकटी असले की माझी छाती मी ऐकते. झडप उघडते, मिटते. पूर्वी मला छाती आहे हेच माहीत नव्हतं. आता पातेलं हातातून पडलं तरी वाटतं, झालं. गल्लीत चालताना दारं बंद दिसली की तुझ्या खेळातली ती घरं आठवतात, मांडलेली ताटं आठवतात. गिऱ्हाईक विचारतं, केवढ्याला द्याल, आणि माझ्या तोंडून आकडा निघत नाही. काल एका बाईने हा डबा देता की तो विचारलं आणि मी तिला म्हटलं, तुम्हीच ठरवा.

तू मला म्हणालीस भीती वाटते, आणि मी तुला सोनगीरची गोष्ट सांगितली. ते मला परत हवं आहे, मालू. तेवढं एक. तुझा नियम मला मान्य नाही. मला मागचं उघडायचं आहे.

हे काल लिहून थांबले. आज सोमवार.

सकाळी डॉक्टरांकडे गेले. आमच्या यांना बरोबर घेतलं नाही. हे बिचारे माझ्याआधी मान हलवतात. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, कागदावर नळीचं चित्र काढून. म्हणाले, "काकू, काय ठरवलंत?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगा ना काय करायचं."

"मी दोन्ही बाजू सांगितल्या. आत्ता तुमच्या बाबतीत थांबणंही चुकीचं नाही आणि करणंही. तुम्हाला काय वाटतं ते महत्त्वाचं."

"मला काय वाटणार? शिकलेले तुम्ही. धोका किती, कमी करा थोडा."

ते हसले. म्हणाले, "तो कमी करणं माझ्या हातात नाही."

मला संताप आला. म्हटलं, मग राहू द्या, मी नाशिकला दाखवते, आणि पिशवी उचलली. खुर्ची सरकवली. दारापाशी पोचले. चपला बाहेर होत्या, त्या घालताना पट्टा नीट करायला वाकले आणि तशीच वाकून राहिले, कारण मला कळलं की मी थांबले आहे. हाकेसाठी. आतून काही आवाज आला नाही. डॉक्टर पुढचा कागद वाचत असतील. त्यांना काय ठाऊक मी का वाकले आहे. बाकावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "काय व्हयनं वं माय?" मी म्हटलं, काही नाही.

तुझ्या फाटकापाशी मी अशीच वाकले होते. तेव्हा वळले असते तर एक जिनाच चढायचा होता.

मी चपला काढल्या आणि परत आत गेले. हाक आलेली नव्हती. मी खुर्चीत बसले. डॉक्टरांनी वर पाहिलं. मी म्हटलं, "मला भीती वाटते." पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा म्हटलं असेन, तेही परक्या माणसासमोर. आवाज माझा वाटला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "कशाची?" आणि मग आम्ही बराच वेळ बोललो. मी दोन महिने मागून घेतले. दर पंधरा दिवसांनी तपासायचं, जड उचलायचं नाही, आणि मग ठरवायचं. मी हसले तेव्हा त्यांना कळलं नाही का. दोन महिने. तुझाच भाव, मालू. मी तो तुला दिला नव्हता.

दुपारी दुकानात आले. कॉम्प्युटर चालू केला. वारा आला. पंपवाली पाना घेऊन उभी. मी बटण दाबलं.

चार उत्तरं आली, इंग्रजीत. वाचून दाखवायला तू नाहीस. मला कुकरच्या खोक्यावरचं इंग्रजी येतं तेवढंच. मी एकेक अक्षर लावत बसले. तिसऱ्यातला एक शब्द ओळखला, जाणं. तेच ते. बोट आपोआप त्याच्याकडे गेलं, सवयीने. मी हात मागे घेतला. मग चौथ्यापर्यंत खाली आले. ते बरोबर आहे की नाही, त्याने पोरगी वाचते की नाही, मला माहीत नव्हतं. तू दाराशी थांबायचीस तशी थांबले. माझा श्वास मला ऐकू आला.

"तुले काय जोयजे?" मी मोठ्याने म्हटलं, आणि दाबलं.

पंपवालीने पाना खाली ठेवला आणि बोलायला लागली. अक्षरं भराभर येत होती, मला दहांतला एक शब्दही लागत नव्हता. ती खूप वेळ बोलत होती. मी उठले नाही.